इंद्रायणीच्या बापास

सुभद्राबाईला नवऱ्याला हाक मारायची असली की ती तांब्या आपटायची. फार जोरात नाही. चुलीपुढच्या दगडावर टेकवताना जरा आवाज होईल इतकाच. बाहेर ओट्यावर बसलेल्या माणसाला कळायचं, भाकरी झाली. काम घाईचं असलं तर दोनदा आपटायची. कुरुळीतल्या बाकीच्या बायकांवर ही पाळी येत नसे. नवऱ्याचं नाव कोणीच घेत नव्हतं, पण पहिलं पोर झालं की त्या पोराच्या नावानं बापाला हाक मारायची सोय होई. गणपाचा बा, ठकीचा बा, इंद्रायणीचा बाप. सुभद्राबाईच्या लग्नाला पुष्कळ वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. म्हणून तांब्या.

याचं तिला दुःख होतं की नाही, हे गावाला कधी नीट कळलं नाही. तिनं दुःखाला वेगळा कोपरा दिला नव्हता. सारवणासारखं ते घरभर पसरलं होतं आणि रोज त्याच्यावरूनच चालायचं असल्यामुळे दिसत नव्हतं. जाऊ मंजुळाबाई मात्र अधूनमधून त्यावर पाय घासून जायची.

सत्तावन्न साल होतं. पिंपरीला औषधांचा कारखाना निघून दोन-तीन वर्षं झाली होती. सुभद्राबाईचा नवरा मालोजी पाया खणायला म्हणून तिकडे गेला तो आत हमालीला राहिला. तिकडेच चार माणसांत एका खोलीत पथारी टाकायचा आणि रविवारी मोशीवरून सायकल मारत घरी यायचा. बोलणं बेताचं. एका रविवारी जेवता जेवता, ताटाकडेच बघत तो म्हणाला,

"बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला बाया घेणार हायेत म्हणं. वाचता आलं पायजे. साक्षर असल्याचा दाखला लागतो."

सुभद्राबाईनं आमटी वाढली.

"दोघंबी कामाला असली की खोली मिळंल, असं कारकून म्हनत हुता," तो म्हणाला आणि भाकरीचा तुकडा मोडला.

एवढंच. पण तो माणूस एका दमात इतकं बोलला होता, तेव्हा ते साधं नव्हतं. त्या रात्रीपासून तिच्या डोक्यात एक खोली उभी राहिली. खिडकी कुठे, चूल कुठे, हे तिनं ठरवूनही टाकलं. त्या खोलीत जाऊ नव्हती.

शाळेतल्या गुरुजींची बायको सुमनताई दुपारी शाळेच्या पडवीत बायकांचा साक्षरतेचा वर्ग घ्यायची. ती तळेगावची, सातवी झालेली. आवाज मऊ, पण खडू धरायची तो विळा धरावा तसा घट्ट. सुभद्राबाई वर्गाला जाऊ लागली तेव्हा मंजुळाबाईनं दारातच विचारलं,

"का गं, कुणाचा अभ्यास घ्यायचाय?"

सुभद्राबाईनं पाटी पदराखाली घेतली आणि चालू लागली.

तिला अक्षरं लवकर आली. इतर बायका 'क' काढताना पाटीशी झटापट करायच्या. ही आधी बराच वेळ नुसती बघत बसायची, मग एकदाच काढायची आणि तो बरोबर निघायचा. सगळंच ती अशी बघून शिकली होती: भाकरी थापणं, गोधडीचा टाका, भात लावणं. सासरी आल्यावर तिला कोणी काही शिकवलं नव्हतं, आणि तिनं विचारलंही नव्हतं. उभं राहून बघितलं होतं, इतकंच.

त्यामुळे सुमनताई जेव्हा म्हणाली, "बायांनो, परीक्षेत दुसरीच्या कागदात बघायचं नाही," तेव्हा ते तिला नीटसं उमगलं नाही. शेजारच्या गोजाबाईलाही नाही. पण गोजाबाई गप्प बसणाऱ्यातली नव्हती.

"मग कसं वो ताई? भाकरी काय डोळं मिटून शिकले व्हय म्या?"

"शिकताना बघ की. परीक्षेत नाही."

"म्हंजी सैपाक शिकताना दुसऱ्याच्या चुलीत डोकवायचं, आन् पंगतीला न्हाई."

"असंच," सुमनताई हसून म्हणाली.

गोजाबाईचा नवराही पिंपरीलाच होता आणि दाखला तिलाही हवा होता. तिला एकच मुलगी, इंद्रायणी; पडवीच्या पायरीवर बसून चिंचा खायची.

पुढे पत्रं लिहायचा धडा आला. वडिलांना तीर्थरूप, धाकट्याला चिरंजीव. सुभद्राबाईनं माण गावी दिलेल्या बहिणीला पाटीवर पत्र लिहिलं, भावाला लिहिलं. दोन्ही बरी उतरली. मग सुमनताईनं फळ्यावर लिहिलं, यजमानांस: प्रिय. आणि वाचून दाखवलं. सगळी पडवी पदरात तोंड घालून बसली. एक म्हातारी तर उठून निघूनच चालली होती.

"बरं, राहू दे," सुमनताई म्हणाली आणि फळा पुसला. "जशी हाक मारता तसं लिहा."

बायकांनी सुटकेचा श्वास सोडला. गणपाच्या बास. ठकीच्या बास. सुभद्राबाईनं त्या दिवशी पुन्हा बहिणीलाच लिहिलं. सुमनताईच्या ते ध्यानात आलं नाही. बायका पुष्कळ होत्या.

परीक्षा घ्यायला खेडहून साहेब आले. गांधी टोपी, काडीसारखे हात, आणि पिशवीत वेलची केळी. एक-एक सोलून ते खात आणि साल पुन्हा पिशवीत ठेवत. बायकांना वाटलं होतं साहेब म्हणजे खेकसणार. पण ते घरी पाहुणे आल्यासारखे बोलत होते. वाचन झालं, ते सुभद्राबाईनं न अडखळता केलं. बेरजा झाल्या. मग त्यांनी सगळ्यांना कागद आणि पेन्सिल वाटली आणि फळ्यावर प्रश्न लिहिला: परगावी कामाला असलेल्या यजमानांस पत्र लिहा.

सुभद्राबाईनं तो दोनदा वाचला. वाचता येतं याचं तिला त्या क्षणी वाईट वाटलं.

तिला सांगायला पुष्कळ होतं. बांधावरचा आंबा मोहरला होता. थोरल्या दिरानं तिला न विचारता तिची कोंबडी विकली होती. अंगरखा फाटला होता तो तिनं शिवला होता. हे सगळं तिच्या बोटांत येऊन थांबलं होतं. पण पत्राला आरंभ लागतो, आणि आरंभाला माणूस. नाव घ्यायचं तर जीभच काय, पेन्सिलही जड होत होती. पोराचं नाव नव्हतं. उरला तांब्या. तांब्याचा आवाज कागदावर कसा लिहायचा, हे कोणत्याही धड्यात नव्हतं.

तिच्या डाव्या हाताला गोजाबाई जीभ बाहेर काढून भराभरा लिहीत होती. तिचा कागद तरटावरून घसरून सुभद्राबाईच्या गुडघ्यापाशी आला होता. वरची ओळ मोठ्या अक्षरात होती: इंद्रायणीच्या बापास.

चूल विझली तर माणूस शेजारणीकडून विस्तव आणतो. तेवढाच आणायचा, असं सुभद्राबाईनं मनात म्हटलं. आपली लाकडं आपल्या घरात आहेत. एवढी ओळ आणली की पुढचं आपोआप पेटेल. तिनं लिहिलं, इंद्रायणीच्या बापास सुभद्राचा दंडवत.

आणि मग तिला पुढचं आपलं काही लिहिता येईना. इंद्रायणीच्या बापाला आपल्या कोंबडीचं काय सांगायचं? त्या ओळीखाली बसेल असं तिच्याकडे काही नव्हतं. तिनं पुन्हा डावीकडे बघितलं. इंद्रायणीच्या डोक्यात खवडे झाले आहेत. कडुलिंबाचा पाला वाटून लावते. रात्री झोपत नाही, मांडीवर घेऊन बसते. येताना तिला तांबडी रीबिन आणा.

हात चालू लागला. अक्षरं छान येत होती, गोजाबाईपेक्षा छान. 'मांडीवर घेऊन बसते' हे लिहिताना तिच्या मांडीला खरंच जरा ऊब लागली. तिथे ती थांबू शकली असती. पुढं कितीतरी दिवस तिनं स्वतःला हे विचारलं, आणि दर वेळी उत्तर तेच आलं: थांबू शकली असती, थांबली नाही. रिबिनीच्या ओळीपर्यंत तिला एक मुलगी होती.

साहेबांनी कागद गोळा केले आणि तिथंच खुर्चीत बसून तपासायला घेतले. बायका पाय मोकळे करत कुजबुजत होत्या. एका कागदापाशी साहेब थांबले. मागचा एक पुन्हा वर काढला. दोन्ही शेजारी धरले.

"सुभद्राबाई कोण? आणि गोजाबाई?"

दोघी उभ्या राहिल्या.

"ही नक्कल आहे," साहेब म्हणाले.

गोजाबाईचं तोंड फुललं. तलाठ्याकडून सातबाराची नक्कल काढायला तिचा सासरा दोनदा चाकणला जाऊन आला होता. शिक्का मारलेली, खरी, पेटीत जपून ठेवलेली वस्तू होती ती.

"व्हय साहेब? मग शिक्काबी मारा की!"

साहेबांना आधी कळेना. मग कळलं तेव्हा ते हसले नाहीत, केळ्यांची पिशवी खुर्चीखाली सरकवून म्हणाले, "बाई, तशी नक्कल नव्हे. एकीनं दुसरीचं पत्र बघून उतरवलंय. रिबिनीला दोघींची वेलांटी एकाच ठिकाणी चुकली आहे. आणि दोघीही एकाच इंद्रायणीच्या बापाला लिहिताहेत."

मग मागून कोणीतरी खुसकन हसलं आणि गोजाबाईच म्हणाली, "अगं बया! सवत झालीस व्हय माझी?"

सगळ्या बायका हसून लोटपोट झाल्या. म्हातारी डोळे पुसायला लागली. गोजाबाई दुष्टपणानं बोलली नव्हती. तिच्या तोंडात शब्द आला की तो बाहेर पडायचाच. पण बोलून झाल्यावर तिनं सुभद्राबाईच्या तोंडाकडे बघितलं आणि तिचं हसू तिथंच राहिलं.

"कुणी कुणाचं बघितलं ते सांगा," साहेब म्हणाले. "ते कळल्याशिवाय मला दोघींनाही पास करता येत नाही."

गोजाबाई घसा खाकरून पुढे झाली. "आमी दोघींनी मिळून लिवलं, साहेब. शेजारीच ऱ्हातो. तिचं माझं येगळं न्हाई."

सुभद्राबाईच्या डोळ्यांपुढे ती खोली उभी होती. खिडकी, चूल. गोजीनं दार उघडून धरलं होतं. नुसती मान हलवली असती तरी कदाचित साहेबांनी सोडून दिलं असतं. पण ती खोली आता तिला नीट दिसेना. त्या खोलीत गोजीची पोर डोक्याला पाला लावून झोपलेली दिसायला लागली.

"गोजीचं हाय," ती म्हणाली. "म्या बघून लिवलं. तिला ठावं नव्हतं."

"का बघितलंत? वाचन तर तुमचं सगळ्यांत चांगलं होतं."

इतक्या बायकांपुढे, परक्या पुरुषाला काय सांगणार? ती पायाच्या अंगठ्यानं तरटाची सुतळी उकलत राहिली.

"आरंभ येत नव्हता," ती शेवटी म्हणाली.

साहेबांना ते कळलं नाही. सुमनताईला कळलं. ती फळ्याला टेकून उभी होती, तिथून सरळ झाली, आणि आपण फळ्यावरून काय पुसलं होतं आणि त्या जागी काय ठेवलं होतं, ते तिला आठवलं असावं. "साहेब," ती म्हणाली, "तिला दुसरा कागद द्या ना."

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं आणि दिला. बाकीच्या बायका गेल्या. सुभद्राबाई त्या कोऱ्या कागदापुढे बसून राहिली. साहेबांनी शेवटचं केळं खाल्लं. उन्हाची तिरीप पडवीच्या खांबावरून खाली उतरली. तिनं कागद उचलून दिला तेव्हा त्यावर काही नव्हतं.

"अहो, काहीतरी लिहायचं होतं बाई. दोन ओळींवरही मी पास केलं असतं."

मघाच्या भरलेल्या कागदापेक्षा हा कोरा कागद देताना हात हलका होता, एवढंच तिला जाणवलं.

गोजाबाई वाटेत बांधावर थांबली होती. दोघी चालू लागल्या.

"मागितलं असतंस तर दिलं असतं की गं," गोजाबाई म्हणाली. "पीठ नेतीस तवा सांगून नेतीस. हे न सांगता नेलंस, त्याचा राग आला मला."

"पीठ परत देता येतं. हे कसं देऊ?"

"दिलंस की आता, साहेबापुढं." मग गोजाबाईला राहवलं नाही. "पर माझा नवरा मागं दिलास ते बरं केलंस. तसा काय लई कामाचा न्हाई, पर सवय झालीया."

सुभद्राबाई हसली, आणि हसता हसता बांधावर बसून पदरात तोंड खुपसून रडली. गोजाबाई शेजारी गवताच्या काड्या मोडत बसली.

गोजाबाईला दाखला मिळाला. महिन्याच्या आत ती इंद्रायणीला घेऊन पिंपरीला गेली आणि बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायला लागली. मालोजी मात्र परीक्षेनंतर दोन रविवार आलाच नाही. कारखान्यात ओव्हरटाइम होता. इकडे मंजुळाबाईनं गोष्ट गावभर नेली होती आणि नेता नेता वाढवली होती. "नक्कल करताना धरली," एवढ्यावर ती थांबत नसे. पुढचं, इंद्रायणीच्या बापाचं, ती हात उडवून सांगायची. मालोजी दारात पाय ठेवील तेव्हा हेच त्याला पहिल्यांदा ऐकू येणार होतं.

सुभद्राबाईला ते नको होतं. नापास झाल्याचं त्याला कळू दे, पण आपल्याकडून कळू दे. आणि हे तांब्या आपटून सांगता येण्यासारखं नव्हतं.

ती सुमनताईकडे गेली आणि एक कार्ड मागितलं. सुमनताईनं दौत-टाक पुढे ठेवले.

"पत्त्यावर त्यांचं नाव लागेल, सुभद्राबाई. त्याशिवाय टपाल जायचं नाही. नाव मी घालून देऊ का? त्यात काही वाईट नाही."

"नगं ताई."

"दुसऱ्यानं लिहिलं तर चालतं. माझं पत्र माझा भाऊ..."

"चालतं, ठावं हाय. पर नगं."

तिनं टाक बुडवला. सासू जिवंत असती तर, हा विचार आला आणि गेला. आपण ज्याच्या ताटात इतकी वर्षं वाढलं त्याचं नाव आपल्याला तोंडात घोळवूनही माहीत नाही, हे तिला आत्ता कळत होतं. घरात सगळे त्याला ज्या आवाजात हाक मारतात तो आवाज तिनं कानात आणला आणि त्यामागून अक्षरं चालवली. शाईचा एक ठिपका पडला. मग खाली तिनं लिहिलं:

मालुजी यास. मी सुभद्रा. परीक्षेत नापास झाले. गोजीचं बघून लिवलं, ते धरलं. तिचं हाय हे मीच सांगितलं. घरी कोण काय सांगंल ते येगळं. माघात परत परीक्षा हाय. बसणार हाय. दादानं माझी कोंबडी इकली. अंगरखा शिवलाय. मोहर लई हाय.

सुमनताईनं कार्ड वाचलं. नावापाशी तिची नजर थांबली, हात टाकाकडे गेला. मग तिनं हात मागे घेतला आणि कार्ड वाळायला खिडकीत ठेवलं.

पुढच्या रविवारी मालोजी आला. मंजुळाबाई दारातच होती. सायकल भिंतीला लावून होईपर्यंत तिनं सगळं सांगून टाकलं. आतून सुभद्राबाईला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"ठावं हाय, वयनी," मालोजी म्हणाला. "कार्ड आलं हुतं."

"कार्ड? कुणाचं?"

"हिचं."

मंजुळाबाई दारातून बाजूला झाली.

तो आत येऊन पाटावर बसला. सुभद्राबाई भाकरी थापत होती. तिनं वर बघितलं नाही. पहिली भाकरी फुगली, उतरली, ताटात गेली.

"फाटकावरचा कारकून म्हनला, मालुजी कोन? हितं मालोजी हाय, मालुजी कोन न्हाई. कार्ड मागं धाडतो म्हनला."

तिचा हात पिठात थांबला. "चुकलं?"

"कागदावर मालोजी हाय."

"मग?"

"मग काय. म्हनलं मीच त्यो. घरचं नाव हाय." त्यानं भाकरी मोडली. "गोजीनंबी सांगितलं मला सगळं. तू नसतं कबूल केलंस तर कुनाला काय कळणार हुतं, असं म्हनत हुती."

"मला कळलं असतं."

तो चावायचा थांबला आणि तिच्याकडे बघत राहिला. लग्न झाल्यापासून तिनं त्याला दिलेलं बहुधा हे सर्वांत लांब उत्तर होतं.

"माघात बस," तो म्हणाला. "खोली काय कुठं पळून जात न्हाई. गेली तर दुसरी बघू."

जेवण झाल्यावर तिनं हात धुतले, पदराला पुसले, आणि पाटी घेऊन त्याच्यापुढे आली. काय पाहिजे ते त्याला आधी कळेना. मग त्यानं बंडीच्या खिशातून कारखान्याचा पास काढला. कडा चुरगळलेला पुठ्ठा, वर जांभळा शिक्का, आणि मध्ये टंकलेलं नाव. तिनं तो गुडघ्यावर ठेवला आणि तिच्या सवयीप्रमाणे बराच वेळ नुसता बघितला. काना कुठे, मात्रा कुठे. मग त्यात बघून एकदा पाटीवर लिहिलं. पुन्हा पासाशी ताडून पाहिलं. बरोबर होतं.

तिनं पास त्याच्या हातात परत दिला, ओल्या बोटानं पाटी पुसली आणि ती वाळायची वाट बघत बसली.